चारशे सात

नवी पेठेत, साड्यांच्या दोन दुकानांच्या मधे
काचेचं दार आपोआप उघडतं
आणि ऊन बाहेरच थांबतं, चपला काढून ठेवल्यासारखं.
काउंटरवरची बिराजदार आधारकार्ड मागते,
विचारते, कामाला आलात की देवदर्शनाला?
मी म्हणतो, जुन्या मागांच्या किमती ठरवायला. बँकेसाठी.
ती रकान्यात लिहिते: बिझनेस.

दार कार्डाने उघडतं, दिवेही कार्डाने लागतात.
पलंगावर टॉवेलचा हंस.
शेपटीशी एक चॉकलेट, एसीने दगड झालेलं.
मी पुष्कळ हॉटेलं पाहिली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी,
हंस सगळीकडे असतो
आणि तासाभरात मान टाकतो.
हा रात्री साडेअकराला ताठ होता.
मी अंग बनियनने पुसलं
आणि पलंगाच्या उरलेल्या अर्ध्यात झोपलो.

झोप आली नाही, ते वेगळं.
खिडकी उघडणारी नव्हती. काचेतून दिसलं,
समोरच्या दुकानात एक पोरगा
बाहुलीच्या अंगावरची साडी उतरवत होता
स्वतः पाठमोरा होऊन, अंदाजाने.
मग त्याने शटर ओढलं.
आवाज चौथ्या मजल्यापर्यंत आला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोड.
पत्र्याच्या शेडात चोवीस माग
आणि मालक, खिशातल्या रुमालाने
एकेकावरची धूळ झटकत पुढे चाललेला,
जणू मुलगी बघायला आलेत.
मी लिहिलं: भंगार, वजनावर.
तो म्हणाला, चालू स्थितीत म्हणून तरी लिवा की ओ साहेब,
आणि सात नंबरचं बटण दाबलं.
सगळी शेड हादरली. माझं पेनसुद्धा.
मिनिटभरात वीतभर टॉवेल विणून झाला, गुलाबी काठाचा,
मग सूत तुटलं.
आम्ही दोघंही त्या वीतभराकडे बघत राहिलो.
त्याचं मूल्यांकन कोणत्या रकान्यात करतात
मला ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी फाइल विसरलो म्हणून परत आलो.
चारशे सात उघडी, आत एक बाई,
छातीवर पट्टी: नरसम्मा.
तिने पहिल्या हंसाला हात लावला नव्हता,
त्याच्या शेजारी दुसरा करत होती.
मी विचारलं, याची मान पडत कशी नाही?
पीळ, ती म्हणाली. पैला पीळ उलटा द्यायचा.
बोटं थांबली नाहीत.
अकरा वर्षं कारखान्यात काठ शिवले मी. हे टॉवेल आपले नव्हंत,
हात लावला की कळतंय. बाहेरनं पेटी येती.
इथं? सोलापुरात?
इथंच की. स्वस्त पडतंय म्हणं.
मी विचारलं, दिवसाला किती हंस?
बावीस. लग्नवाल्यांना जोडी.
बिझनेसवाल्यांना एकच.
मग दोन्ही हंसांकडे बघून तिला जरा हसू आलं.
तुम्ही वापरलाच नव्हं, ती म्हणाली, म्हणून दोन झाले.

निघताना खालच्या दुकानातून एक टॉवेल घेतला.
तिथे ते किलोवर देतात.
दुकानदार काटा स्थिर व्हायची वाट बघत म्हणाला,
दोनदा धुवा, मग बघा कसा फुगतोय.
मोबाइलवर हॉटेलचा निरोप: आमच्या सेवेला किती तारे?
गाडी मोहोळच्या पुढे जाईपर्यंत
मी एकही दिला नव्हता, एकही नाकारला नव्हता.

आता जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरलाय.
बायको विचारते, काय चाललंय?
मी म्हणतो, पहिला पीळ उलटा.
मान उभी राहते, चार मोजेपर्यंत,
मग पडते.
पलीकडे लॅपटॉपवर अहवाल उघडा.
सगळं भरून झालंय. फक्त माग क्रमांक सात,
सद्यस्थिती,
तिथे मघापासून कर्सर लुकलुकतोय.