सहावी वाटी

सोन्या मारुतीच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर
बाबा चांदीच्या वाट्यांवर कोयरी कोरायचे,
पाकळीएवढं उथळ तळं.
काच धरून ठेवील इतकंच खोल.

काच मी वाटायचे. खलात, पाणी घालून,
करकर थांबेपर्यंत.
"कानानं वाट गं, डोळे फसवतात."

वाटी चिंचेच्या पाण्यात घासलेली,
ओला रंग सुईच्या टोकानं एकेका तळ्यात.
आधी पांढरा, त्याला आग सोसते.
मग निळा. मग हिरवा.
लाल सगळ्यात शेवटी,
त्याला जरा जास्त आच लागली
की रुसलाच.

एरंडवण्याच्या मेहेंदळ्यांच्या सहा वाट्या.
लग्न आठ दिवसांवर.
बाबा भट्टीपुढे घड्याळ लावत नसत,
श्वास मोजत. लालाला अकरा.
पाच वाट्यांवर डाळिंब फुललं.
सहावीला, नवव्या श्वासावर,
जिन्यातून कुणीतरी हाक मारली.
बाबा वळले.
मोजणी चुकली.
बाहेर आलं ते आमसूल.

रागावले नाहीत. चिमटा खाली ठेवला,
हात पुसले,
रात्री नवी वाटी कोरायला घेतली.
मीना काढून चांदी वितळवता आली असती.
नाही वितळवली.

आता तिच्यात साखर असते.
चहाला आलेलं कुणी विचारतं,
हा चॉकलेटी कुठला हो, जयपूरचा?
मी म्हणते, नाही, लाल आहे तो,
आणि चमचा पुढे करते.

भज्यांचा पुडा होता माझ्या हातात.
गरम होता.
म्हणून जिन्यातूनच ओरडले.