शनिवारचं व्हाउचर

सोमवार ते शुक्रवार
यिरी मशीनला स्क्रूड्रायव्हर लावायचा.
टोक बेअरिंगवर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले.
वाळूजच्या आमच्या शेडमध्ये बारा प्रेस एकदम धडधडतात.
त्यातून एकच खरखर तो वेगळी काढायचा,
तांदळातून खडा काढावा तशी.
"तीन नंबर, ज्ञानदा."
माझ्या नावातल्या ज्ञ ला मात्र
त्याची जीभ रोज नव्यानं अडखळायची.

शुक्रवारी संध्याकाळी हात पुसत विचारलंन,
दोन दिवस सुट्टी. किल्ला बघता येईल?
आणि कुठं गाणं?
माणसांनी वाजवलेलं. स्पीकर नको.

किल्ला सोपा होता.
गाण्यासाठी सात फोन केले.
स्टेशन रोडला गझल होती, पनीर टिक्क्याच्या ताटांमागं.
नाट्यगृहाला कुलूप.
भाऊ म्हणाला, ताई, डीजे चालंल का?

देवगिरीच्या अंधारीत त्यानं मला टॉर्च बंद करायला लावला
आणि एक टाळी वाजवली.
वर वटवाघळं हलली, कुणी जुनी वही चाळावी तशी.
मागून परभणीच्या शाळेची सहल किंचाळत आली
नि अंधार पुन्हा सहलीचा झाला.
खाली तिखटमीठ लावलेला पेरू खाताना
त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी.
"गुड," म्हणाला. आणखी एक घेतला.

खुलताबादच्या अलीकडं टायर बसला.
पंक्चरच्या दुकानाला लागून पत्र्याची खोली,
आत बनियनवरची पाच माणसं,
खिळ्याला लाल कोट, झुपक्यांची टोपी,
आणि एक क्लॅरिनेट, वरच्या सुराला फुसफुसणारं.
"लगनां सोमवारपासून हैं मॅडम," बशारत मास्टर म्हणाले,
"आज निस्ती मश्क. बैठो की, चाय पियो."

यिरीनं क्लॅरिनेट मागून घेतलं.
भोकं बोटांनी बंद करत फुंकत राहिला,
गालाशी धरून गळती शोधत.
मग पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा नखाएवढा तुकडा,
सोल्युशनचा एक थेंब, दोन मिनिटं दाबून.
मास्टरांनी फुंकलं.
सूर उभा राहिला.
कोणी काही बोललं नाही. ढोलवाल्यानं फक्त भुवई उडवली.

मग वाजवलं त्यांनी. वरातीतलं, नाचायचं,
खोलीचा पत्रा थरथरेल असं.
आणि शेवटी ते, मुलगी गाडीत बसते तेव्हाचं, हळू.
माझ्याही लग्नात हेच वाजलं असणार.
तेव्हा रडायची घाई होती,
ऐकायचं राहून गेलं.
यिरीनं अर्थ विचारला नाही. बरं झालं.
टायर कधीच तयार होता.

सोमवारी अकाउंट्सच्या हिंगमिऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"टॅक्सी अठ्ठावीसशे, कळलं.
पंक्चर दीडशे, कळलं.
हे बँडवाले हजार कामून? पावती न्हाई,
हेडिंग काय टाकू?"
मी लिहिलं: ध्वनी तपासणी.
त्यांनी लाल पेनानं खोडलं.
हजार माझ्या खिशातून गेले.

यिरी गेला त्याला दोन महिने झाले.
तीन नंबरला आता मी स्क्रूड्रायव्हर लावते.
कधी खरखर सापडते,
पुष्कळदा नुसती धडधड.
हेल्पर हसतात, हसू देत.

परवा मास्टरांचा फोन आला,
मागं वरातीचा गोंगाट, अर्धं ऐकूच येईना.
"वो गोरे साब को बोलना," ओरडून सांगत होते,
"रबर टिकेला है."