विंचू

आमच्या धंद्यात चपलेच्या दोन थरांत
आवाजाचा विंचू बसवतात.
पाऊल पडलं की तो कर्र म्हणतो.
लांबनं कळावं कोण येतंय,
म्हणून गिऱ्हाईक पन्नास रुपये जास्त मोजतं.

ह्यांच्या पायातला विंचू मी बेचाळीस वर्षं ऐकला.
सुभाषनगरच्या वळणावर सुरू व्हायचा,
गिरणीपाशी मोठा व्हायचा,
तवर माझा चहा उकळलेला.

गेल्या दिवाळीपास्नं त्यात खाडे पडायला लागले.
कर्र, कर्र, कर्र,
मग काही न्हाई.
मग परत.
वाटलं, कुणाशी बोलत उभारले असतील.

महाद्वाराकडं, चपलांच्या गल्लीत तर
दर चार दुकानांमागं थांबायचे.
टांगलेला जोड उलटा करायचे:
"बघ, ही शिलाई दोऱ्याची, वादीची न्हाई.
सहा महिन्यांत तोंड उघडतंय."
मी म्हणायची, चला आता,
दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून आपला खपत न्हाई.
ते हसायचे. एक हात छातीशी,
जणू खिसा चाचपतायत.
दम लागलेला माणूस शिलाई तपासतोय
हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.
माझ्या, जी टाच बघून माणसाची चाल सांगते.

दवाखान्यात डॉक्टरीण हुपरीकर, कोवळी पोर.
कागद पुढं केला. पेशंटचं नाव?
म्हटलं, लिही, आमच्या मंदाचे वडील.
असं चालत नाही, आजी.
तवा भिंतीकडं बघून पहिल्यांदा बोलले:
भैरू सटवा सातपुते.
जिभेला आरी लागल्यागत झालं.

मनगटातनं तार घातली म्हणे.
पडद्यावर काळी शाई सुटलेली तिनं मला दाखवली
आणि मला वेणी दिसली.
चपलेवरची वेणी आम्ही बायकाच घालतो,
नाव रापी धरणाऱ्याचं.
तिथं पण तीन पदर, काळजावरनं उतरलेले,
आणि पुढच्या पदरात, एका जागी,
कुणीतरी गच्च आवळून
वादीचं सूत केलेलं.

"नव्वद टक्के. आजी, नळ कसा आतनं गंजतो—"
नळाचं मला कळत न्हाई, म्हटलं. कातड्याचं बोल.
ती थांबली.
"कातडं कडक कशानं होतं?"
उन्हानं, मिठानं, नुसतं ठेवून दिल्यानं.
"हे विडीनं होतं, बीपीनं, साखरेनं. वय आहेच.
रक्तातली चरबी भिंतीत शिरते,
घट्टे धरतात, घट्ट्यांत चुना.
वीस-तीस वर्षं चालतं. दुखत नाही."
मग तेल दिल्यानं मऊ होतंय का?
"तेल तर कमी करायचंय, आजी."
आणि आम्ही दोघी हसलो, तिथं, त्या दारात.

कडक झालेलं कातडं आम्ही
रातभर टाकीत भिजवतो. सकाळी ते वाकतं.
हे मी तिला विचारणार होते.
तिनं हातमोजे काढले, मी गप बसले.

जाळीची नळी बसवली. एकाच जागी.
बाकीची वेणी हाय तशीच,
तिला रोज गोळ्या, रोज चालणं, पांढरा रस्सा बंद.
विडीचं बंडल मी टाकीत बुडवलं.
तेवढं मऊ झालं.

लेकीनं बूट आणले, कापडी, पांढरे.
हे त्यातनं मांजरागत यायला लागले.
दारात सावली पडली की मी दचकायची.
आठ दिवस सोसलं.
मग म्हटलं, रापी घ्या. स्वतःचा जोड करा.
विंचू मोठा घाला.
"डॉक्टरीण म्हणाली, बूट—"
मला न्हाई म्हणाली.

आता वळणावरनं सुरू होतो.
कर्र, कर्र.
गिरणीपाशी थांबतो.
मी गॅस बारीक करते आणि मोजते.
सात. आठ. नऊ.
कर्र.

"गिरणीवाल्याशी बोलत होतो."
व्हय का, म्हणते,
आणि सदरा खुंटीला लावायच्या निमित्तानं
खिशातली जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी काढून
किती उरल्यात बघते.