काटा

सत्तावीस वर्षं धक्क्यावर मी मासळी तोलते.
कॉड, हॅडॉक, सै.
हातात धरला की सांगते किती भरेल,
काटा नंतर नुसता मान हलवतो.

म्हणून त्याला उचललं तेव्हाच कळलं होतं :
दोन किलो तीनशे.
मागच्या हिवाळ्यात पाच होता.
सै माशासारखी करडी-काळी पाठ, म्हणून नावही सै.
त्या पाठीवरून हात फिरवला
की मणके मोजले जायचे,
मोजायचे नाहीत असं ठरवलं तरी.

मूत्रपिंडं. दोन्ही.

इंगविल्ड समुद्राखालच्या बोगद्यातून आली.
बर्फातले बूट दाराशी काढले,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
हिच्याहून माझे गमबूट जुने असतील, मला वाटलं.
तिनं विचारलं, खात्री आहे?
मी हो म्हटलं.
सुई भरून झाल्यावर पुन्हा विचारलं.
मी हो म्हटलं.
तिसऱ्यांदा विचारलं असतं तर...
पण तिसऱ्यांदा कोण विचारतं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही.
त्या सकाळी त्यानं खाल्लं होतं.
चार दिवसांनी. कॉडची कलेजी, नखाएवढी,
माझ्या बोटावरून चाटून.
मग खिडकीत जाऊन बसला,
कारण दोन महिन्यांच्या अंधारानंतर
त्याच आठवड्यात सूर्य वर आला होता,
गोदामाच्या छपरावर, जेमतेम अर्धा तास.
त्यानं डोळे मिटले.
सुखानं मिटले की थकून,
हे मला तेव्हा ठाऊक होतं.

दुकानात सगळे म्हणतात, सुटला बिचारा.
बोर्गहिल म्हणाली, पोस्टातली मुलगी म्हणाली.
सुटे पैसे द्यावेत तसा
हातावर ठेवतात तो शब्द.
मी मूठ मिटून घरी येते.

रात्री तीनला पुन्हा तोलायला बसते.
या पारड्यात : जिन्यावरून घसरणं,
रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून ओरडणं,
पाण्याच्या भांड्यावर मान टाकून झोपणं,
सलाइनची सुई पाहून
पळायचंही सोडून दिलेलं त्याचं शरीर.
त्या पारड्यात : नखाएवढी कलेजी.
आणि खाली जातं ते दुसरंच.
इतक्या वर्षांत माझा अंदाज
पन्नास ग्रॅमनेही चुकला नव्हता.

जमीन अजून दगड आहे.
मे संपेपर्यंत कुदळ आत जायची नाही.
म्हणून तो शेडमधल्या फ्रीझरमध्ये,
टोर्लाइफच्या जुन्या स्वेटरात,
क्लाउडबेरीच्या डब्यांशेजारी.
ईस्टरसाठी ठेवलेला हॅलिबट त्याच्याच खाली.
काल काढायला गेले.
गाठोडं बाजूला करायला उचललं
आणि हात सवयीनं म्हणाला : तीन किलो,
स्वेटरचे सातशे वजा.
झाकण लावलं.
हॅलिबट राहू दे, म्हटलं, काही घाई नाही.

तर काल रात्री साधाच कॉड उकडला, बटाटे.
टोर्लाइफ बोलत नाही जेवताना.
घड्याळाचा मोठा काटा वर्षभर सैल आहे,
तो खालीच लोंबतो,
आमच्या घरात कायम साडे काहीतरी वाजलेले असतात.
दुसरा बटाटा सोलता सोलता तो म्हणाला,
त्या दिवशी सकाळी त्यानं खाल्लं होतं ना.
मी मान वर केली नाही.
मी दारातून पाहिलं होतं, म्हणाला.
मग बराच वेळ बटाटाच सोलत राहिला,
साल संपल्यावरही.

मला विचारायचं होतं, मग बोलला का नाहीस.
त्यालाही तेच विचारायचं असावं.
त्यानं माझी बशी पुढ्यात ओढली,
चष्मा वर सरकवला,
आणि माझ्या तुकड्यातले काटे
एकेक करून काढून दिले.
चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं हे.
माशांत माझी हयात गेली,
मला काटा कधी लागत नाही.
मी काढू दिले.

भांडी घासायला उठले तेव्हा
दोन्ही बश्यांच्या कडेला
माशाची कातडी तशीच होती.