चारचाकी

मेसेज आला नाही
तेव्हा वाटलं, रेंज नसेल.
जनता वसाहतीच्या वरच्या गल्लीत
रेंज पाण्यासारखीच, चढताना दमते.

दुसऱ्या महिन्यातही नाही.
तिसऱ्यात बँकेतल्या पोरीनं
मशीनमधून पासबुक ओढलं,
म्हणाली, मावशी, कोरंच आलंय.

प्रणोती शाळेतून तशीच सेतू केंद्रात गेली.
स्क्रीनवर एकच ओळ:
कुटुंबात चारचाकी वाहन आढळले.

आढळले.
जसा बाथरूममध्ये साप आढळतो.
आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं.
सासूबाईंनी तर खरंच
कॉटखाली वाकून पाहिलं.

गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली.
रेहानाभाभी दारात येऊन म्हणाली,
काय गं, गाडी घेतली आणि पेढे नाहीत?
हसता हसता तिचा चेहरा उतरला.
तिच्या घरातली दोन नावं
गेल्याच आठवड्यात रेशनकार्डावरून गळाली होती.
अंगठा लागत नाही म्हणे.
सहा घरची भांडी घासते ती.
बोटांवरच्या रेघा
कोथरूडच्या कुठल्या कुठल्या सिंकमधून वाहून गेल्या,
त्या आता कुठून आणायच्या?

मग रात्री ह्यांना आठवलं.
टेंपो.
नऊ वर्षांपूर्वीचा, हिरवा,
मार्केटयार्डातून फ्लॉवर वाहायचा.
प्रणोतीला डेंगी झाला,
ससूनमध्ये खाट मिळेना, खाजगीत नेली,
पाचव्या दिवशी टेंपो विकला.
पैसे हातात आले,
नाव बदलायचं राहून गेलं.
कोण जाणार तेव्हा आरटीओत,
पोरीच्या प्लेटलेट मोजायच्या होत्या.

भोसरीच्या शॉपमध्ये तीन शिफ्टांची एक झाल्यापासून
ह्यांचा आठवडा तीन दिवसांचा.
उरलेल्या चारातला एक धरून
आम्ही दोघं बसनं निघालो
स्वतःची गाडी शोधायला.

ज्याला विकला त्यानं पुढं विकलेला,
त्यानं आणखी पुढं.
उरुळी देवाचीला, गोदामांच्या मागं,
संध्याकाळी पाचला सापडला.
विटांच्या चार थप्प्यांवर उभा.
चाकं कधीच कुणी नेलेली.
हौद्यात स्टोव्ह, पातेलं, बिस्किटांच्या बरण्या,
आणि छबूताई म्हणून एक बाई
हमालांना चहा देत होती.
आधी पन्नास कप जायचे, म्हणाली,
आता पंधरा. अर्ध्या गोदामांना कुलपं.
तिचेही महिन्याचे पैसे थांबलेत.
का, ते माहीत नाही.
तुम्हाला निदान कारण तरी दिलं, म्हणाली,
आणि मला उगाच
श्रीमंत असल्यासारखं वाटलं.

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला,
ताप बघताना ठेवतात तसा.
मी फोटो काढले. पुढून, मागून,
विटांचे जवळून,
नंबरप्लेटवरचं शेण पुसून.
गाडी आहे, साहेब. चाकं नाहीत.

चहाचे पैसे छबूताईनं घेतले नाहीत.
गाडी तुमचीच ना, म्हणाली, सरकारच सांगतंय.

फोटो जोडून अर्ज केला.
पावती मिळाली. डाळीच्या डब्यात ठेवली.

रेहानाभाभी आणि मी आता एकच कुकर लावतो.
एक दिवस तिचा गॅस, एक दिवस माझा.
भात तिच्या पोरांना जास्त लागतो,
आमच्या सासूबाईंना कमी,
हिशेब कसाही करा, जमत नाही,
म्हणून करत नाही.
क्लासची फी दोन महिने तुंबलीय.
प्रणोती म्हणते, मी घरीच करते गणितं.
रात्री दिवा बंद करताना
ती झोपल्याचं नाटक करते, मी फसल्याचं.

काल पत्र आलं.
ह्यांचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट.
गल्ली बरोबर, घर नंबर बरोबर,
खूण म्हणून पाण्याची टाकीसुद्धा.
वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र संपले आहे,
दंड त्वरित भरावा.

ह्यांनी दोनदा वाचलं.
सासूबाईंनी विचारलं, पैसे आले का रे?
हे काही बोलले नाहीत.
नीट घडी घातली,
तीही डाळीच्या डब्यात ठेवली.
सध्या तिथं जागा आहे.