पुढचा श्वास

कौकिराच्या धक्क्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये
ऑर्फिलिओमामा चाकाच्या खुर्चीत बसून
श्वास उघडतो.
म्हणजे रेग्युलेटर. पण तो तसं म्हणत नाही.
"आण पुढचा श्वास," म्हणतो,
मी खोक्यातून एक उचलून देतो,
नळी मारलेल्या कोंबडीच्या मानेसारखी लोंबते.

'लेडी मार्लीन' परवा निघणार, शेवंडांच्या मागे.
एकवीस पाणबुडे, एकवीस श्वास,
आणि कॅप्टनने पैसे दिलेत नऊंचे.

पहिला खोलला तर पितळ आतून कळकलेलं.
मामा चिमट्याने जाळी बाहेर काढतो, बोराच्या बीएवढी.
हिरवी निघाली तर समुद्र आत शिरलाय,
तांबूस, तर टाकी पोटातून गंजलीय,
काळी असेल तर
(तो जाळी नाकाशी नेतो)
कॉम्प्रेसर स्वतःचाच धूर पितोय
आणि पोरांना पाजतोय.
ही काळी आहे.
तो काही बोलत नाही. कागदाच्या पुडीत बांधतो,
पुडीवर कॅप्टनचं नाव घालतो.

बाकीचं व्हिनेगरमध्ये.
मग जुना टूथब्रश.
"पोलादी टोक लावू नकोस, ओरखडा गेला
की हवा रात्रंदिवस तिथूनच पळते.
पितळेची पिन घे. रिंग काढायची ती
बाळाच्या तळव्यातला काटा काढतात तशी.
आणि ग्रीस नखावर मावेल तेवढंच.
चकाकू दे, माखू नकोस."

हे त्याला कोणी शिकवलं नाही.
पाय गेल्यावर दोन वर्षं
त्याने एकच रेग्युलेटर उघडला आणि मिटला,
उघडला आणि मिटला. स्वतःचा.

त्याचा दाबमापक अजून खिळ्याला टांगलाय,
काटा साठावर अडकलेला.
दिवसाची चौदावी टाकी होती ती, चाळीस मीटरवर.
काटा साठ म्हणत होता,
टाकी काहीच म्हणत नव्हती.
मामा वर आला तो एका दमात.
दमात कसला, दमाशिवाय.

मी तेव्हा अकरा वर्षांचा, वर कायुकोत.
होडी वल्हवत मामाच्या बुडबुड्यांमागे जायचं,
एवढंच माझं काम.
बुडबुडे दिसतायत तोवर मामा आहे.
त्या दुपारी वारा पडलेला, ऊन पाण्यावर फुटत होतं,
जिकडे बघावं तिकडे बुडबुडेच.
मी चुकीच्या चमचमाटामागे लांब गेलो.
तो वर आला तेव्हा
धरायला होडीची कड नव्हती.

हे मी त्याला सांगितलेलं नाही.
दहा वर्षं त्याच्या हाताखाली
स्क्रू मोजतोय.

जोडून झालेला श्वास टाकीवर चढवायचा,
झडप हळूच फिरवायची,
आणि सगळं कापलेल्या पिंपातल्या पाण्यात बुडवायचं.
दोघं वाकून बघतो.
इथे उलटा हिशोब. इथे बुडबुडा नको.
पाणी स्थिर, त्यात पत्रा, बल्ब, आमची दोन डोकी.
मग सांध्याच्या कडेला
टाचणीच्या डोक्याएवढा एक फुगतो,
थांबतो,
सुटतो.
"पुन्हा खोल," मामा म्हणतो.

रात्री अकराला नऊ पुरे झाले.
मी फडकं पुढे केलं. त्याने हात पुसले नाहीत.
"आण पुढचा."
"मामा, पैसे नवांचेच..."
"दहावा कोणाचा आहे?"
नळीवर रंगाने लिहिलेलं असतं. मी वाचलं: एल्मर.
एल्मर सतरा वर्षांचा. त्याच्या कायुकोत
त्याचा धाकटा भाऊ असतो.

दीड वाजता तोही पिंपात उतरला.
बाहेर डबक्यांत बेडूक, आत मिणमिणता बल्ब.
मला वाटलं आत्ता सांगावं.
ऊन होतं म्हणून नाही, मी एका पक्ष्याकडेही बघत होतो,
तेही सांगावं.
"मामा," मी म्हटलं, "त्या दुपारी मी..."

"श्श," तो म्हणाला,
आणि पिंपाच्या काठाला कान लावला.
"कुठेतरी अजून गळतंय."