अकरा पाचची फेरी

गुरुवारी दहाला तेस्फालेम येतो.
दारातच बूट काढतो, कोपरापर्यंत हात धुतो
आणि माझ्या भावाला म्हणतो, "काय कप्तान?"
आयलिफ कप्तान नव्हता कधीच.
बत्तीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात, इंजिनाशी,
काळी नखं घेऊन जेवायला बसायचा.
तरी हसतो. डाव्या अर्ध्या चेहऱ्याने.
मी कोट शोधते.

नगरपालिकेच्या बाईंनी एक पत्रक दिलं होतं:
स्वतःची काळजी घ्या.
चित्रात टबात पहुडलेली बाई, काठावर मेणबत्ती.
आमच्या टबात त्याची प्लास्टिकची खुर्ची आहे,
रबरी पायांची.
मेणबत्ती काय खुर्चीवर ठेवू?
पत्रकाची घडी करून औषधांच्या कपाटाखाली सारली.
कपाट डगमगायचं, थांबलं.
तेवढा उपयोग झाला, खोटं कशाला बोला.

पहिल्या गुरुवारी मी त्याचे डायपर आणायला गेले.
दुसऱ्या गुरुवारी घरीच काचा पुसत बसले.
तिसऱ्या गुरुवारी तेस्फालेमने
माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.
बोलला काही नाही.
फडकं पिळून नळावर वाळत घातलं
आणि दाराकडे बघत उभा राहिला.

धक्क्यावर बोट लागलेली होती.
पायी येणाऱ्याला पैसे पडत नाहीत.
मी चढले, एवढंच.
पलीकडच्या काठाला सगळे उतरले, मी नाही.
साखळी धरलेला पोरगा जरा थबकला,
मग त्यानेही मान फिरवली.

विजेच्या नव्या बोटी आल्यात म्हणे दुसऱ्या फियोर्डांत,
आवाजच नाही त्यांना.
ही जुनी अजून कुरकुरते.
टेबलं थरथरतात, तळपाय थरथरतात,
पेल्यातल्या कॉफीवर बारीक वलयं.
त्या वलयांकडे बघत मी
लोणीसाखर लावलेला एक जाड, ऊन स्वेले खाल्ला.
सबंध.
कुणासाठी तुकडे न करता,
"गीळ, हां, आता गीळ" न म्हणता,
कुणाची हनुवटी न पुसता.
मग माझीच हनुवटी ओली लागली.
खिडकीबाहेर डोंगर, बर्फ, एक बगळा,
सगळं जिथल्या तिथे
आणि कशालाच माझी गरज नव्हती.

घरी आल्यावर सांगितलं, वाचनालयात गेले होते.

त्या झटक्याने त्याचे शब्द नेले.
स्वतःचं नाव नेलं, माझंही.
गुनवोर म्हणायला जातो, ओठ वळतात
आणि हवा येते नुसती.
राहिल्या दोन शिव्या
आणि बोटीचं वेळापत्रक.

त्याने माझी बाही ओढली. हुंगली.
लोणी, साखर, डिझेल.
"अकरा पाच," म्हणाला.
स्वच्छ. जुन्या आवाजात.
चोरी पकडल्यासारखी मी कोट टांगायला वळले.

"अकरा पन्नास," मागून आलं.
नुसतं पुढचं म्हणत होता का,
मुलं पाढे म्हणतात तसं?
वळून बघितलं तर
चांगला हात खिडकीकडे,
एक बोट धक्क्यावर रोखलेलं.
आणि कपाळावर ती आठी,
मी लहानपणी पोहायला घाबरायचे तेव्हाची.

काल मी तीन फेऱ्या केल्या.
दहा वीस, अकरा पाच, अकरा पन्नास.
तिसरीत डोकं काचेला टेकून झोपले,
उठले तर गालावर चौकटीचा वळ.
घरी त्याची चादर ओली झाली होती,
तेस्फालेम नवी घालत होता.
मी दुसरं टोक धरलं.

"बारा पस्तीस," आयलिफ म्हणाला.
म्हटलं, नाही रे जमायची ती.
तेस्फालेमला एकला निघायचं असतं.

त्यावर त्याने दोन्हींतली
मोठी शिवी दिली.